कोड चालतो, पण ‘असं का?’ हे कोणालाच आठवत नाही: दर काही महिन्यांनी उलटणारा आजार

महिन्याची ११ तारीख, सकाळचे सव्वासात. १ ते १० तारखेची दूध बिलं आमच्या सॉफ्टवेअरमधून आदल्या रात्री निघाली होती. एका गावच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “सायेब, २९ डिग्रीला साडेतीन फॅट असलं की आमच्या तक्त्यात एसएनएफ ८.६१ येतंय. तुमच्या बिलात ८.३१ लागलंय. लोकं दारात उभी हायत, काय सांगू त्यास्नी?”

दूध व्यवसायाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ, टक्क्यांत) धरून ठरतो. एसएनएफ त्याखाली गेलं की प्रत्येक पॉइंटमागे दर कापला जातो. म्हणजे ८.६१ ला पूर्ण दर आणि ८.३१ ला कपात. पडद्यावर ०.३० हा किरकोळ आकडा वाटतो, पण गावात त्यावरून भांडण होतं.

लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. त्याच्या रीडिंगवरून एसएनएफ काढायचं सूत्र सोपं आहे. सीएलआर म्हणजे तापमानाप्रमाणे दुरुस्त केलेलं ते रीडिंग, फोनवरची ‘२९ डिग्री’ तीच. कोड रोमन लिपीतच आहे, इथे वाचायला बरं म्हणून देवनागरीत देतो:

एसएनएफ = सीएलआर ÷ ४ + ०.२ × फॅट + ०.३६

यातला शेवटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. लॅक्टोमीटर कुठल्या तापमानाला जुळवलेला आहे आणि दूध संघ कुठलं सूत्र मानतो, त्याप्रमाणे तो बदलतो. आमच्या कोडमध्ये पूर्वी दोन फंक्शनं होती, एकात ०.३६ आणि दुसऱ्यात ०.६६. बाकी ओळ न ओळ सारखी. दोन्हींच्या डोक्यावर एकच शेरा: ‘एसएनएफ काढणे’.

मग कोणीतरी कोड ‘वाचनीय’ करायला घेतला. दोन सारखी फंक्शनं कशाला म्हणून एक उडवलं. पुल रिक्वेस्टला (बदल तपासून सामील करून घ्यायच्या विनंतीला) अंगठे मिळाले, चाचण्या पास झाल्या. तो कोणीतरी म्हणजे मी.

हे लिहायचं कारण एवढंच की असं आमच्याकडे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. आकडा वेगळा, फाइल वेगळी, पण गोष्ट तीच. दर तीन-चार महिन्यांनी कोणीतरी चांगल्या हेतूने काहीतरी साफ करतं आणि त्या कचऱ्याबरोबर एखादं कारणही बाहेर जातं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हेच चालू असेल, तर आम्ही काय करून पाहिलं, काय फसलं आणि काय टिकलं ते खाली आहे.

आधी फसलेले उपाय

पहिला फसलेला उपाय म्हणजे डॉक्युमेंटेशन सप्ताह. गणपतीनंतर काम थोडं हलकं होतं, तेव्हा सगळ्यांनी बसून विकी लिहिली. छान झाली होती, आकृत्या-बिकृत्या. दिवाळीच्या सुमारास दराची रचना बदलली, कोड बदलला आणि विकी तिथेच राहिली. संक्रांतीला नवीन आलेल्या मुलाने विकी वाचून काम केलं आणि चुकला. त्यानंतर विकीवर कोणाचाच विश्वास उरला नाही. अर्धी खरी माहिती कोरी पाटी असण्यापेक्षा वाईट, कारण कोरी पाटी बघून माणूस निदान विचारतो तरी.

दुसरा उपाय सक्तीचा होता. प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग (ते काय करतं ते सांगणारा मजकूर) हवीच, नसेल तर बिल्ड लाल, म्हणजे कोड पुढे जाणार नाही. दोन दिवसांत सगळ्या फंक्शनांना डॉकस्ट्रिंग आली. ‘दर मिळवा’ या फंक्शनखाली लिहिलेलं होतं, “हे फंक्शन दर मिळवते.” लिंटरला (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाला) डॉकस्ट्रिंग आहे की नाही एवढंच कळतं, तिच्यात अर्थ आहे का ते त्याला कळत नाही. यात दोष मुलांचा नाही. मोजाल ते मिळतं, आणि आम्ही ओळी मोजत होतो.

तिसरा उपाय म्हणजे फॉरमॅटर, कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन. याचा खरंच फायदा झाला, रिव्ह्यूमधले मोकळी जागा आणि कंसांवरचे वाद संपले. पाठोपाठ एक नवीन दुखणं मात्र आलं.

फॉरमॅटरने इतिहास झाकला असेल तर

सचिवांचा फोन ठेवल्यावर मी सगळ्यात आधी गिट ब्लेम चालवलं, म्हणजे कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली ते कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला विचारलं. फाइलमधल्या जवळपास प्रत्येक ओळीपुढे एकच कमिट: ‘संपूर्ण कोड फॉरमॅट केला’. ब्लेम ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला ते दाखवतं, आणि शेवटचा हात यंत्राचा होता.

याला सरळ उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ब्लेमला ‘हे कमिट धरू नकोस’ असं सांगता येतं. रेपोच्या (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याच्या) मुळाशी एक साधी मजकुराची फाइल ठेवायची, तिच्यात फॉरमॅटिंगच्या कमिटचा हॅश (त्याची ओळख-खूण) लिहायचा आणि गिट कॉन्फिगमध्ये ब्लेमच्या ‘इग्नोअर रेव्ह्ज फाइल’ या सेटिंगला त्या फाइलचं नाव द्यायचं. हॅश पूर्ण ४० अक्षरी हवा. आम्ही पहिल्यांदा सात अक्षरी टाकला आणि अर्धा तास डोकं खाजवत बसलो. ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ टिप्पणी मानली जाते, तेव्हा कुठलं कमिट कशासाठी वगळलं तेही तिथेच लिहून ठेवता येतं. सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं करावं लागतं, म्हणून ते आम्ही प्रोजेक्ट उभा करायच्या स्क्रिप्टमध्येच घातलं.

ओळ आता अस्तित्वातच नसेल तर ब्लेमचा उपयोग नाही. माझ्या बाबतीत तेच झालं होतं, ०.६६ कोडमधून गायब. तेव्हा गिट लॉगला मोठ्या ‘एस’चा पर्याय देऊन तो आकडा शोधायचा. ज्या कमिटमध्ये तो मजकूर वाढला किंवा कमी झाला, तेवढीच कमिट समोर येतात. मला दोन मिळाली. एक माझं, ‘डुप्लिकेट काढले’. दुसरं दोन वर्षं जुनं, ज्यात ०.६६ पहिल्यांदा आला होता. त्याचा संदेश होता: ‘फिक्स’.

त्याच्या आगेमागे ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘सरांनी सांगितलेले बदल’ अशी कमिटं होती. कुठल्या सरांनी, काय सांगितलं?

शेवटी उत्तर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सापडलं. त्या कमिटच्या आदल्या दिवशी आमच्या सांगलीच्या फील्ड टीममधल्या एकाने लिहिलं होतं: “या संघाच्या संस्थांकडे लॅक्टोमीटर वेगळे आहेत, त्यांचा तक्ता ०.६६ चा आहे. त्यांना तेच लावा.” खाली तीन अंगठे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. कारण कोणीतरी नीट, सविस्तर लिहिलेलं होतं. फक्त जिथे ओळ बदलायला हात जातो, तिथे ते नव्हतं.

आमचं निदान शेवटी एवढंच निघालं. लिहिण्याचा आळस हे मूळ दुखणं नाही. लोक व्हॉट्सअॅपवर, रिव्ह्यूच्या उत्तरात, फोनवर, चहाच्या टपरीवर भरपूर समजावून सांगतात. ते सांगणं कोडपर्यंत पोचत नाही.

तुमच्याकडे नक्की काय बिघडलंय ते आधी बघा

नवीन आलेल्या माणसाला रेपो द्या, एक छोटं काम द्या आणि दोन दिवस शेजारी गप्प बसा. तो जे प्रश्न विचारेल ते जसेच्या तसे लिहून काढा. ‘हे चालू कसं करायचं?’ असे प्रश्न जास्त असतील तर रीडमी (प्रोजेक्ट कसा सुरू करायचा ते सांगणारी फाइल) खराब आहे. ‘हे आणि ते एकच का?’ असे असतील तर नावं खराब आहेत. ‘हे असं का केलंय?’ असे असतील तर तुम्ही आमच्याच वाटेवर आहात. आमच्याकडे तिसऱ्या जातीचे प्रश्न सर्वाधिक निघाले, आणि आमचे मागचे तिन्ही उपाय पहिल्या दोन जातींसाठी होते.

रीडमीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोऱ्या मशीनवर जशाच्या तशा आज्ञा देऊन बघा. अडाल तिथे दुरुस्त करा. नवीन माणसाचं पहिलं कमिट रीडमीतच असू द्या, कारण त्याला खटकतं ते तुम्हाला दिसणं केव्हाच बंद झालेलं असतं.

नावांचा घोळ

मराठी माणसांनी मिळून लिहिलेल्या कोडची ही खास अडचण, इंग्रजी पुस्तकांत ती सापडणार नाही. आमच्या कोडमध्ये दूध तीन प्रकारे होतं: इंग्रजी ‘मिल्क’, रोमनमध्ये एका यूचं ‘दुध’ आणि दोन ओंचं ‘दूध’. एका नावाने शोधलं की दोन ठिकाणं निसटायची. दर बदलायच्या दिवशी हे महागात पडतं.

आम्ही रेपोमध्ये ‘शब्द’ नावाची एक फाइल केली. एका ओळीत एक संकल्पना: कोडमधलं नाव, रोमन स्पेलिंग, मराठीत अर्थ. सध्या साठेक ओळी आहेत. नवीन शब्द आणायचा तर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये इथे एक ओळ वाढवायची. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं हे खरं. आम्ही हौसेने करून पाहिलं. कीबोर्ड बदलता बदलता जीव गेला, सोडून दिलं.)

ती फाइल करताना मात्र एक गोष्ट लक्षात आली, आणि इथे घाई केली असती तर मी पुन्हा तीच चूक केली असती. कोडमध्ये ‘फार्मर’, ‘उत्पादक’, ‘सभासद’ असे तीन शब्द होते. पहिला विचार आला की तिन्हींचं एक करून टाकू. फील्डवरच्या सहकाऱ्याला विचारलं तर तो हसला. “अहो, दूध घालणारा प्रत्येक जण सभासद नसतो. लाभांश शेअरवर मिळतो, तो सभासदाला. दिवाळीचा दर फरक घातलेल्या दुधावर मिळतो, तो उत्पादकाला. दोन्ही एक केलंत तर दिवाळीत आम्हाला गावात फिरकायला नको.” म्हणजे ‘मिल्क’ आणि ‘दूध’ ही एकाच गोष्टीची दोन नावं होती, पण ‘उत्पादक’ आणि ‘सभासद’ या खरंच दोन गोष्टी होत्या. हे कोड वाचून कळत नाही, माणसाला विचारावं लागतं. आता शब्द फाइलमध्ये त्या दोन ओळींसमोर ठळक लिहिलंय: ‘एक करू नये’. पुढे कारण.

काही नावं खोटंही बोलतात. आमच्याकडे बिलाच्या मुदतीचं नाव ‘टेन डेज’ होतं. पहिल्या दोन बिलांना ते खरं आहे. तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीत ८ (लीप वर्षी ९) दिवस आणि ३१ च्या महिन्यात ११. कोणीतरी नावावर विश्वास ठेवून सरासरी काढायला सरळ १० ने भागलं होतं. आता नाव ‘बिल मुदत’ आहे आणि दिवस तारखांवरून मोजले जातात.

तसंच ‘क्वांटिटी’. लिटर की किलो? दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०० लिटर दूध सुमारे १०३ किलो भरतं. काही संस्था मापाने घेतात, काही वजनाने. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे (आवेगाचे) आकडे पौंड-सेकंदांत देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंदांत धरत होती. आमचं यान नाही, पण तीन टक्के दूध हिशोबातून उडालं तर संस्थेला तेवढंच लागतं. म्हणून एकक नावातच: ‘वजन किलो’, ‘माप लिटर’. नाव लांब होतं, होऊ दे.

कारण जागेवर आणण्यासाठी जे टिकलं

एसएनएफचे आकडे कोडमधून काढून एका कॉन्फिग फाइलमध्ये संघवार ठेवले. प्रत्येक नोंदीला चार रकाने: मूल्य, कधीपासून, कोणी सांगितलं, कारण. यातला ‘कारण’ रिकामा असेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ते तपासणारा कोड पाच ओळींचा आहे. पहिल्याच आठवड्यात एकाने कारणात नुसतं टिंब टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘सांगितलं म्हणून’. टिंब यंत्राने अडवता येतं, ‘सांगितलं म्हणून’ रिव्ह्यू करणाऱ्यानेच अडवावं लागतं. पण आता तो रकाना रिव्ह्यूत डोळ्यासमोर असतो, त्यामुळे अडवलं जातं.

दुसरी गोष्ट डॉकटेस्ट. पायथनमध्ये ही सोय मुळातच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण लिहायचं आणि त्याचं उत्तरही लिहायचं. चाचण्या चालतात तेव्हा ते उदाहरण खरोखर चालवलं जातं, उत्तर जुळलं नाही तर बिल्ड लाल. आमच्या एसएनएफ फंक्शनखाली आता दोन उदाहरणं आहेत: सीएलआर २९, फॅट ३.५, एका संघाला ८.३१ आणि दुसऱ्या संघाला ८.६१. मधे एक वाक्य: दोन्ही बरोबर आहेत, लॅक्टोमीटर वेगळे आहेत. उद्या माझ्यासारखा कोणी दोन्ही एक करायला गेला तर ते डॉक्युमेंटेशनच आरडाओरड करेल. कोड बदलला तरी विकी गप्प बसते, डॉकटेस्ट बसत नाही.

डॉकटेस्ट करताना एक खड्डा लागतो. ती उत्तराचा मजकूर अक्षरशः ताडून बघते. साध्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ छापली जाते, त्यामुळे बरोबर उत्तरही नापास होतं. पैशांच्या आणि दराच्या हिशोबाला तसंही डेसिमलच (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) वापरावं, आणि त्याला आकडा अवतरणचिन्हांत द्यावा. नुसता फ्लोट दिलात तर ते शेपूट डेसिमलमध्येही येतं.

आणि राउंड. पायथन ३ चं राउंड २८.५ चं २८ करतं आणि २९.५ चं ३०, कारण बरोबर अर्ध्यावर ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. गावातला माणूस २८.५० चे २९ धरतो. आमच्या कोडमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन आहे, आणि ते ‘उगाच लिहिलेलं’ वाटून काढायचा प्रयत्न आजवर दोनदा झालाय. आता त्याच्या डोक्यावर शेरा आहे: “पायथनचं राउंड इथे चालत नाही. २८.५ घालून बघा.” या शेऱ्यात फंक्शन काय करतं ते सांगितलेलंच नाही, ते खाली दिसतंच. वाचणाऱ्याच्या मनात येणारा मोह आधीच ओळखून त्याला अडवलंय. माझ्या मते चांगला शेरा असाच असतो.

तिसरा नियम एका वाक्याचा आहे आणि सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला: रिव्ह्यूमध्ये कोणी ‘हे असं का?’ विचारलं, तर उत्तर रिव्ह्यूत द्यायचं नाही, कोडमध्ये द्यायचं. नाव बदला, शेरा घाला, चाचणी लिहा, काहीही करा. मग रिव्ह्यूत फक्त ‘केलं’ लिहा. सुरुवातीला हे आखडू वाटतं. एकाला वाटलं सीनियर मुद्दाम छळतायत. पण विचारणारा हा त्या कोडचा पहिला वाचक असतो. त्याला जे कळलं नाही, ते सहा महिन्यांनी येणाऱ्यालाही कळणार नाही, आणि तोवर ती पुल रिक्वेस्ट उघडून बघायला कोणी जाणार नाही.

व्हॉट्सअॅपचं काय? ते बंद होणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. फील्डवरचा माणूस गोठ्याच्या दारात उभा राहून तिकीट भरत बसणार नाही. आम्ही एवढंच केलं की ज्या निरोपावरून कोड बदलतो, तो निरोप तारखेसह कमिटच्या संदेशात चिकटवायचा. नावं आणि नंबर गाळून.

एक सावधगिरी, भाजलेल्या तोंडाने सांगतोय: साफसफाई आणि बदल एका कमिटमध्ये कधीही करू नका. नावं बदलायची तर त्या कमिटमध्ये फक्त नावं. आणि सगळा जुना कोड एकदम साफ करायला घेऊ नका. ज्या फाइलमध्ये कामासाठी शिरलात, तेवढीच जरा बरी करून बाहेर या.

अजून न सुटलेलं

हे सगळं सुरू करून वर्ष होत आलं. ११ तारखेचे फोन येतात, पण आता बहुतेक वेळा कॉन्फिगचा कारणाचा रकाना वाचून फोनवरच उत्तर देता येतं. मध्यंतरी त्याच सचिवांचा दुसऱ्या कामासाठी फोन आला होता. “आता बरं हाय,” म्हणाले, आणि लगेच पुढची तक्रार सांगितली.

दर तक्त्याची जुनी फाइल मात्र तशीच आहे, १४०० ओळींची. तिच्या मधोमध एक ओळ आहे, संध्याकाळच्या पाळीची तारीख एक दिवस मागे नेणारी, आणि वर शेरा: ‘हे काढू नका’. लिहिणारा नोकरी सोडून गेला. कमिटचा संदेश ‘अर्जंट’. व्हॉट्सअॅपवर काही नाही. मागच्या महिन्यात चाचणीच्या सर्व्हरवर ती ओळ काढून पाहिली, सगळ्या चाचण्या पास झाल्या. ओळ परत घातली आणि शेऱ्याखाली अजून एक ओळ लिहिली: ‘काढून पाहिलं, चाचण्या पास होतात. कारण सापडलेलं नाही. ३१ तारखेच्या संध्याकाळच्या दुधावर तपासलेलं नाही.’